मागावरचा धडा : म्हैसूरचे रेशीम आणि वस्त्रसंकल्पनाचे शिक्षण

म्हैसूर शहरातील एका गजबजलेल्या हमरस्त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव दिलेले आहे. या रस्त्याने जाताना चामराजेंद्र तंत्रशिक्षण संस्थेची जुनी वास्तू दृष्टीस पडते. १९०६ साली इंग्लंडचे युवराज म्हैसूरला आले असता त्यांच्या हस्ते या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. हेच युवराज पुढे पाचवे जॉर्ज म्हणून गादीवर आले. ज्यांच्या स्मरणार्थ संस्थेला नाव देण्यात आले, ते महाराज चामराजेंद्र वडियार १८९४ साली निवर्तले होते. चित्रकला, कोरीवकाम, शिसवी लाकडावरील जडावकाम यांसारख्या विद्या येथे वर्गात बसवून शिकविल्या जाऊ लागल्या. सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले, त्यामागेही असाच विचार होता. कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते आणि कापडाची रंगाई हा तेथील एक प्रमुख विषय होता.

या दोन्ही संस्थानांपुढे जो प्रश्न उभा होता तो अद्याप पुरता सुटलेला नाही. जी विद्या बापाकडून मुलाकडे, घरातल्या घरात, नुसत्या पाहण्याने व हाताखाली राबण्याने उतरत आली, ती शाळेत शिकविता येते काय? येत असल्यास त्या शिकविण्यात तिच्यातले काय टिकते आणि काय गळून पडते? विणकामाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कापडाचे सूत, वीण, रंग आणि नक्षी यांची जुळणी विणण्याआधीच मनाशी पक्की करणे, याला वस्त्रसंकल्पन म्हणतात. पूर्वी हे काम विणकर स्वतःच करी. आता ते बहुधा शाळेत शिकलेला निराळा माणूस करतो. या दोघांच्या मध्ये जी फट पडते, तिच्यातून कसब हरवत जाते. ती फट कशी बुजवावी, हाच या विषयाचा गाभा होय. त्याचा विचार करण्यास म्हैसूरच्या रेशमाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

म्हैसूरची साडी कशी घडते

म्हैसूर प्रांतात रेशीमकिड्यांच्या पैदाशीला अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाच्या काळात चालना मिळाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमशेटजी टाटा यांनी बंगळूर येथे जपानी तज्ज्ञांच्या साह्याने रेशीम उत्पादनाचा प्रयोग केला. १९१२ साली महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकीर्दीत म्हैसूर येथे सरकारी रेशीम विणकाम कारखाना निघाला. त्यासाठी यंत्रमाग परदेशाहून, स्वित्झर्लंडहून, आणविण्यात आले. १९८० मध्ये हा कारखाना कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे सोपविण्यात आला. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थाही याच शहरात आहे. तुतीच्या पानापासून तयार साडीपर्यंतची सारी साखळी अशा रीतीने एका प्रदेशात नांदते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नाच्या बस्त्यात म्हैसूर सिल्कची एखादी साडी असतेच. तिचे पोत हातात घेताच कळते. ती मऊ असते, अंगावर सैल पडते, चुरगळत नाही आणि तिच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म खडबडीतपणा जाणवतो. हा गुण कोठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोषातून उकललेला रेशमाचा तंतू फार बारीक असतो. असे अनेक तंतू एकत्र करून त्यांचा एक धागा बनतो. क्रेप कापडाच्या बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, त्याला फार मोठा पीळ द्यावा लागतो. तो मीटरमागे दोन हजार फेऱ्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक असतो. काही धाग्यांना उजवा पीळ व काहींना डावा पीळ देऊन ते आलटून पालटून विणले जातात. विणताना रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक चिकट पदार्थ कायम असतो, त्यामुळे पिळलेला धागा जखडलेला राहतो. विणून झाल्यावर कापड साबणाच्या कढत पाण्यात उकळले की हा पदार्थ निघून जातो आणि कापडाचे वजन सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश घटते. बंधन सुटलेला धागा आपला पीळ सोडू पाहतो, आखडतो आणि उजवे व डावे पीळ एकमेकांविरुद्ध ओढ घेतात. त्या ओढाताणीतून कापडावर ते बारीक दाणे उमटतात. साडीची मऊ पड हीसुद्धा त्याचीच देणगी होय.

रंगाई त्यानंतर होते. संपूर्ण थान रंगाच्या पाण्यात बुडते, म्हणून साडीचे अंग एकरंगी होते. काठातील जर मात्र रंग घेत नाही. ती सोनेरीच राहते. महामंडळाच्या साडीतील जरीत ६५ टक्के चांदी व ०.६५ टक्का सोने असते, असे सांगितले जाते. एकरंगी अंग आणि जरीचा काठ ही म्हैसूर साडीची जी ओळखीची ठेवण आहे, ती निव्वळ कोणाच्या आवडीनिवडीतून आलेली नसून बऱ्याच अंशी कामाच्या या क्रमातून उपजलेली आहे. अंगात दुसरा रंग हवा असेल तर तेवढा भाग बांधून किंवा झाकून वेगळा रंगवावा लागतो.

एखाद्या विद्यार्थ्याने ही प्रक्रिया न पाहताच कागदावर सात रंगांच्या फुलांची म्हैसूर साडी रेखाटली, तर ते चित्र सुंदर असू शकेल. पण ती म्हैसूर साडी होणार नाही. तो रंग आधी रंगविलेल्या सुतात आणावयाचा म्हटले की उकळण्याचा क्रम बदलतो, क्रम बदलला की पीळ बदलावा लागतो, आणि पीळ बदलला की जिच्यासाठी लोक ही साडी घेतात ती मऊ पडच नाहीशी होते. पहिला धडा हा की, वस्त्रात प्रत्येक निर्णय दुसऱ्या निर्णयाशी बांधलेला असतो.

कसब नेमके कोठे असते?

येथे एक शंका सहजच उद्भवते. म्हैसूरची साडी सुरुवातीपासून यंत्रमागावर विणली जात आहे. मग तिला परंपरागत कारागिरी म्हणावे काय? २००५-०६ मध्ये म्हैसूर सिल्कला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ते कशाचे संरक्षण मानावयाचे?

या शंकेचे उत्तर देण्यासाठी शेजारच्या प्रदेशातील दोन उदाहरणे घेणे सोयीचे होईल. पैठण व येवले येथील पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया यंत्राने उठत नाही. पदराच्या आडव्या ओळीत जितके रंग येतात, तितक्या निरनिराळ्या कांड्या विणकर ताण्यावर मांडून ठेवतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून चांगल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. येथे कसब सर्वस्वी बोटांत आहे. मोराच्या मानेचा बाक किती धाग्यांनंतर वळवावा, हे हाताला ठाऊक असावे लागते. हे काम अत्यंत सावकाश होते. भरगच्च पदराची साडी पुरी होण्यास महिनेच्या महिने लागतात.

दुसरे उदाहरण धारवाडकडील कसुती भरतकामाचे. गवंती, मुर्गी, नेयगे व मेंथे हे तिचे चार टाके. गोपुर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन यांची चित्रे कापडावर आखून न घेता धागे मोजून भरली जातात. गवंती व मुर्गी या टाक्यांत कापडाची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसावी लागते. ज्याचे धागे डोळ्यांना मोजता येतात असे कापड असेल तरच कसुती नीट साधते. म्हैसूर क्रेपवर ती भरावयाची झाली तर धागे मोजता येतील असे जाळीदार कापड वर टाचून घ्यावे लागते आणि भरणे झाल्यावर त्याचे धागे एकेक करून ओढून काढावे लागतात.

या तीन वस्त्रांची तुलना केली असता असे दिसते की, कसब हे प्रत्येक ठिकाणी निराळ्या जागी वस्तीला असते. पैठणीत ते विणणाऱ्याच्या बोटांत आहे, कसुतीत ते मोजणाऱ्याच्या डोळ्यांत आहे आणि म्हैसूरच्या साडीत ते सुताच्या पिळात, उकळण्याच्या वेळेत व रंगाऱ्याच्या अंदाजात आहे. माग विजेवर चालतो, म्हणून म्हैसूरच्या साडीत जपण्यासारखे काही नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. त्याचप्रमाणे पैठणीची नक्षी छायाचित्रावरून यंत्रमागावर उतरविली म्हणजे पैठणी जपली, असे समजणेही तितकेच चुकीचे ठरेल. त्या उसन्या पैठणीत मोर राहतो, पण मोर घडविणारी रीत राहत नाही.

तेव्हा काय जपावयाचे, हे शिक्षणाला हात घालण्यापूर्वी ठरवावे लागते. ज्या पाठ्यक्रमात हा प्रश्न विचारलाच जात नाही, तेथे परंपरा म्हणजे जुन्या नक्षींची वही एवढाच अर्थ उरतो.

कागद आणि माग

वस्त्रसंकल्पनाच्या विद्यार्थ्याला सामान्यतः कागद व रंग आधी मिळतात आणि माग फार उशिरा दिसतो. हा क्रम उलटा असावयास हवा. आधी त्याने एखाद्या जुन्या, फाटक्या साडीचा बोटभर तुकडा घेऊन तो सुईने उसवावा. ताण्याचे धागे इंचाला किती, बाण्याचे किती, पीळ कोणत्या दिशेचा, जरीचा गाभा कशाचा, काठ व अंग यांचा सांधा कसा केला आहे, हे त्याने मोजून वहीत लिहावे. त्यानंतर त्याने मागावर बसून स्वतः साधे कापड विणावे. धोटा फेकताना काठ आत ओढला जातो आणि फणीचा ठोका कमीजास्त पडला की कापड पातळ-जाड होते. हे शब्दांनी सांगून कळत नाही.

मग आलेखकागदाची पाळी येते. कागदावर काढलेली वळणदार वेल मागावर पायऱ्यापायऱ्यांची होते, कारण मागाला आडवी व उभी अशा दोनच दिशा ठाऊक असतात. येथे थोडे गणितही लागते. समजा, काठ चार इंच रुंद आहे आणि त्यात इंचाला ८० धागे आहेत. म्हणजे काठात ३२० धागे झाले. नक्षीचे एक फूल ४० धाग्यांत बसत असेल तर काठाच्या रुंदीत बरोबर आठ फुले येतील. विद्यार्थ्याने फूल थोडे मोठे करून ४८ धाग्यांचे केले तर सहा फुले पुरी होतील व सातव्याचा दोन तृतीयांश भाग येऊन ते तुटेल. अशा वेळी त्याच्यापुढे तीन वाटा असतात : फूल पुन्हा लहान करावे, काठाची रुंदी वाढवावी किंवा दोन फुलांमध्ये काही धाग्यांची मोकळी जागा सोडून हिशेब जुळवावा. अनुभवी विणकर हा निर्णय क्षणार्धात घेतो. त्याने आकडे कधी लिहिलेले नसतात; ते ताण्याच्या मोजणीतच त्याच्या अंगवळणी पडलेले असतात.

या पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात विणकराविषयी निराळाच आदर उत्पन्न होतो. आपण ज्याला नुसता हुकमाचा ताबेदार समजत होतो, तो माणूस प्रत्येक ओळीला विचार करीत असतो, हे त्याला उमगते.

शिकविणारे कोण?

स्वातंत्र्योत्तर काळात कलावंत व विणकर यांना जवळ आणण्याचे काही मोठे प्रयत्न झाले. १९५६ मध्ये पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. मुंबई, मद्रास, वाराणसी आदी ठिकाणच्या या केंद्रांत चित्रकारांना नेमण्यात आले. के. जी. सुब्रह्मण्यन यांनी मुंबईच्या केंद्रात काम केले. मराठी रसिकांना परिचित असलेले चित्रकार प्रभाकर बरवे हे वाराणसीच्या केंद्रात होते. चित्रकाराने मागाच्या मर्यादा समजून घ्याव्यात आणि विणकराने नव्या रंगसंगतीचा अनुभव घ्यावा, अशी ही योजना होती. १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तेथील वस्त्रविभागात विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावी पाठवून त्यांच्या रीतींची तपशीलवार नोंद करावयास लावण्याची प्रथा पडली.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांत एक उणीव राहून गेली. संकल्पक शहरातून येई, नक्षी देई आणि निघून जाई. विणकराला त्या नक्षीचे दाम मिळत, पण पुढची नक्षी कशी काढावी हे ज्ञान मिळत नसे. काही वर्षांनी बाजाराची आवड पालटली की तो पुन्हा नव्या संकल्पकाची वाट पाहू लागे. जो एकेकाळी आपल्या कापडाचा कर्ता होता, तो अशा रीतीने केवळ मजूर बनत गेला.

ही उणीव ओळखून कच्छमध्ये एक वेगळा प्रयोग करण्यात आला. २००५ साली ज्युडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने कलारक्षा विद्यालय सुरू झाले. पुढे २०१४ मध्ये आदिपूर येथे सोमय्या कला विद्येच्या रूपाने हे काम चालू राहिले. येथे विद्यार्थी म्हणून खुद्द कारागीरच येतात : विणकर, अजरख छापणारे, बांधणी बांधणारे, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया. त्यांना त्यांचे कसब शिकविण्याचा प्रश्नच नसतो. ते त्यांच्याजवळ असतेच. त्यांना रंगविचार, रचना, बाजाराची पारख आणि आपली कल्पना ग्राहकापुढे मांडण्याची रीत शिकविली जाते. वर्षभराचा हा अभ्यासक्रम थोड्या थोड्या दिवसांच्या सत्रांत विभागलेला असतो आणि मधल्या काळात कारागीर घरी जाऊन आपल्याच मागावर अभ्यास पुरा करतो. त्यामुळे त्याचा धंदा बंद पडत नाही आणि शिक्षण घरच्या कामापासून तुटत नाही.

असाच विचार नर्मदाकाठच्या महेश्वरातही दिसतो. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेले तेथील विणकाम विसाव्या शतकात मंदावले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी रेवा या संस्थेच्या द्वारे त्याला पुन्हा उभारी दिली. पुढे सॅली होळकर यांच्याच पुढाकाराने तरुण विणकरांना संकल्पन व व्यवहार शिकविणारी हातमाग शाळाही तेथे निघाली.

म्हैसूरपुढील प्रश्न

कच्छचा धडा म्हैसूरला जसाच्या तसा लागू पडत नाही. कच्छमध्ये एकच माणूस सूत आणतो, विणतो व विकतो. म्हैसूरच्या कारखान्यात काम अनेक हातांत वाटलेले आहे. पिळाच्या यंत्रावरील कामगार, ताणा भरणारा, जकार्डची पत्रे लावणारा, उकळणारा, रंगारी आणि काठाची जर तपासणारा, या प्रत्येकाजवळ साडीच्या ज्ञानाचा एकेक तुकडा असतो. असा एखादा अनुभवी माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याची जागा भरली जाते, पण हवेतला दमटपणा पाहून पीळ किंचित कमी करावा, हे त्याच्या हाताचे ज्ञान नोंदवहीत कोठेही उतरलेले नसते. घराण्यात निदान मुलगा बापाशेजारी बसलेला असे. कारखान्यात शेजारी कोणाला बसवावयाचे, हे कोणीतरी ठरवावे लागते.

म्हणून अशा ठिकाणी संकल्पनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने आपला विद्यार्थी या प्रत्येक हाताखाली काही काळ ठेवावा, आणि त्या प्रत्येक जाणत्या कामगाराला शिक्षक म्हणून मान व मोबदला द्यावा, हे योग्य होईल. विद्यार्थ्याला साडी अखंड कळेल आणि कामगाराला आपल्या तुकड्याच्या पलीकडची साडी पाहावयास मिळेल. म्हैसूरपासून जवळच, आता चामराजनगर जिल्ह्यात असलेल्या कोळ्ळेगाळ येथे हातमागावरील रेशमी विणकाम अजूनही चालते. कारखान्यातील पीळ व उकळणे आणि कोळ्ळेगाळच्या विणकराचा हात, ही दोन्ही विद्यापीठे विद्यार्थ्याच्या एका दिवसाच्या प्रवासात सामावतात.

या साऱ्याची निकड आकड्यांवरून लक्षात येते. २००९-१०च्या राष्ट्रीय हातमाग गणनेत देशातील विणकर व पूरक कामे करणारे मिळून ४३.३१ लाख लोक आढळले होते. २०१९-२०च्या गणनेत ती संख्या ३५.२२ लाखांवर आली. एका दशकात आठ लाखांहून अधिक लोक या व्यवसायातून कमी झाले. त्यांतील कित्येकांना चांगले काम मिळाले असेल, आणि ज्या धंद्यात पोट भरत नाही तो मुलाने सोडला तर त्याला दोष देता येणार नाही. कसब जपण्याचे ओझे केवळ विणकराच्या गरिबीवर लादणे अन्यायाचे आहे. ज्या विणकराला स्वतःची नक्षी स्वतः काढता येते, तिचा हिशेब मांडता येतो आणि तिचे मोल ग्राहकाला पटवून देता येते, त्याच्या मुलाला मागाशेजारी बसण्यास काही कारण उरते.

चामराजेंद्र संस्थेची कोनशिला बसविली गेली त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. घरातली विद्या शाळेत आणता येते, हे या काळात पुष्कळ ठिकाणी सिद्ध झाले आहे. मात्र जेथे ते नीट साधले, तेथे शाळेने आपला एक वर्ग मागापाशी भरविला आणि त्या वर्गातील शिक्षकाची जागा विणकराला दिली, असे आढळून येते.